क्रूझवरून उतरून फिरायचं तर बुकिंग आधीच करावं का? (पेनांग आणि फुकेट, माणसं चार, त्यातला एक गुडघा दुखरा)

शहापूरच्या बाई

नमस्कार. मी बेळगावात शहापूरला राहते. प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं, आता तीन वर्षं घरीच आहे. येत्या फेब्रुवारीत मी, आमचे हे, दीर आणि जाऊबाई असे चौघं क्रूझला निघालोय. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात म्हणून मुलानं बंगळूरहून तिकिटं काढून पाठवली. जहाज सिंगापूरहून संध्याकाळी 5 ला सुटतं. दुसऱ्या दिवशी दुपारी 2 ते रात्री 10 पेनांग (मलेशिया), तिसऱ्या दिवशी सकाळी 9 ते संध्याकाळी 6 फुकेट (थायलंड), चौथा दिवस नुसता समुद्र, पाचव्या दिवशी सकाळी परत सिंगापूर.

घरात वाद लागलाय तो मधल्या दोन दिवसांवरून. जहाजाच्या साइटवर 'शोर एक्सकर्शन' म्हणून लांबलचक यादी आहे. बंदरात उतरायचं, त्यांच्या बसनं फिरायचं, त्यांच्याच बसनं परत. माणशी 55 डॉलरपासून 120 पर्यंत. टिळकवाडीतला एक एजंट म्हणतो, दोन्हीकडचं मी इथूनच करून देतो, माणशी साडेतेरा हजार, पण पैसे आत्ता भरायचे. परवा त्याच्याकडं जाऊन आलो. ह्यांच्याशी कन्नडात बोलला, माझ्याशी मराठीत, आणि दोन्ही भाषांत एकच सांगत होता, की मागनं सीट मिळत नाही.

दीर म्हणतात, सौंदत्तीच्या जत्रेला आपण कधी बुकिंग केलंय? उतरायचं, गाडी ठरवायची, दर्शन घ्यायचं, माघारी यायचं. आमच्या ह्यांचा स्वभाव नेमका उलटा. राणी चन्नम्मा रात्रीची असली तरी संध्याकाळी सहालाच स्टेशनवर जाऊन आपला डबा कुठं लागतो ते विचारून येणारे! त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी सांगितलंय, ते टाळाटाळ करतायत. जाऊबाईंना फुकेटजवळची फी फी बेटंच बघायची आहेत, कारण भिशीतल्या कुणीतरी तिथले फोटो टाकलेत. चौघंही शाकाहारी.

तर आधी बुक करावं का, आणि कुणाकडं? आणि जहाज चुकलं तर काय होतं? हा शेवटचा प्रश्न माझा एकटीचा आहे. तो विचारला की बाकी तिघं हसतात.

अनगोळ_नाका

बाई, काही बुक करू नका. आम्ही मुंबईहून क्रूझला गेलो होतो, ती गोव्याला थांबली. 'गोवा दर्शन' माणशी तीन हजार! बेळगावच्या माणसानं चोर्ला घाट सोडून समुद्रातनं गोव्याला जायचं आणि वर पैसे भरून मंगेशी बघायचं? मुरगावला उतरलो, वास्कोत मावशीकडं गेलो, हुमण-भात हाणला, मावशीच्या पंख्याखाली तासभर झोपलो, जहाज सुटायच्या तीन तास आधी परत. खर्च काय तर टॅक्सीचा.

निपाणीची_लेक

अनगोळवाले, सगळ्यांची मावशी फुकेटला नसते हो.

बाई, आम्ही भूमध्य समुद्रातली क्रूझ केलीय, त्यातलं जेवढं तुमच्या उपयोगाचं तेवढं सांगते. यादीत 'रोम' लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं चिविटावेकियाला. तिथून रोम सत्तरेक किलोमीटर, म्हणजे निपाणीहून बेळगाव गाठण्यासारखंच. फ्लॉरेन्सचं बंदर म्हणजे लिव्होर्नो, तिथून तर नव्वदच्या आसपास. आम्ही रोमला जहाजाची बस घेतली आणि मार्सेलला स्वतः फिरलो. म्हणून आधी नकाशा उघडा आणि बंदर कुठं, गाव कुठं ते बघा. आणि वारही बघा. महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर व्हॅटिकनची म्युझियम रविवारी बंद असतात. आमच्यातल्या एका कुटुंबाला हे रोममध्ये पोचल्यावर कळलं.

आमची चूक झाली ती सँटोरिनीला. तिथं जहाज धक्क्याला लागत नाही, मधेच नांगर टाकतं आणि छोट्या बोटीनं नेतात. वर गावात जायला केबल कार, नाहीतर साडेपाचशेहून जास्त पायऱ्या. मी दोन महिने आधी तिथल्या एका बोटवाल्याकडं ऑनलाइन पैसे भरून ठेवले होते. त्या दिवशी वारा सुटला आणि कॅप्टननं सँटोरिनी रद्दच केली. आम्ही डेकवरून ते पांढरं गाव लांबनं जाताना बघत बसलो. ज्यांनी जहाजाची सहल घेतली होती त्यांचे पैसे संध्याकाळपर्यंत त्यांच्या खात्यावर परत. माझ्या बोटवाल्यानं निम्मे कापून घेतले. बरेच बाहेरचे लोक 'जहाज आलंच नाही तर पूर्ण पैसे परत' असं लिहून देतात. माझ्यावाल्यानं लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

खानापूरचा_जुना_क्रू

नमस्कार बाई. मी अकरा वर्षं जहाजावर होतो. पहिली चार डायनिंगमध्ये, पुढं सिक्युरिटीत, गँगवेवर, म्हणजे चढ-उताराच्या शिडीपाशी. आता गावी काजूची बाग बघतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला हसायचं कारण नाही. तिथनंच सुरू करतो.

उतरताना तुमचं कार्ड मशीनला लावतात, 'टुंग' वाजतं, आमच्या स्क्रीनवर तुमचा फोटो येतो. परत चढताना पुन्हा टुंग. 'ऑल अबोर्ड'ची वेळ म्हणजे जहाज सुटायच्या आधी अर्धा तास, कुठं कुठं तासभर. ती वेळ झाली की मशीन यादी काढून देतं, अजून कोण कोण बाहेर आहे. आधी केबिनमध्ये फोन लावायचा. मग माइकवर नावं पुकारायची, आणि आपल्याकडची नावं माइकवर गोरा माणूस कशी पुकारतो ते एकदा ऐकाच. मग बघायचं की ही माणसं जहाजाच्या सहलीला गेलीत का. गेली असली तर सहलीच्या ऑफिसातनं बसला फोन जातो, किती वेळ लागेल ते कळतं आणि कॅप्टन थांबतो. थांबणं अगदीच शक्य नसलं तर त्या माणसांना पुढच्या बंदराला पोचवायचा खर्च कंपनी करते.

आपापली गेलेली असली तर आमच्यातले दोघं केबिनमध्ये जाऊन तिजोरी उघडतात. मी हे काम सहा-सात वेळा केलंय. पासपोर्ट शोधायचा, डोळ्यासमोर औषधं असली तर ती घ्यायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. एका तिजोरीत पासपोर्टाच्या शेजारी मंगळसूत्र होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं. ते तसंच ठेवून तिजोरी परत लावून घेतली. पासपोर्ट नेऊन खाली बंदरातल्या कंपनीच्या एजंटाच्या हातात द्यायचे, सही घ्यायची. मग शिडी उचलतात आणि दोर सोडतात. मागं राहिलेल्या माणसानं पुढचं बंदर स्वखर्चानं गाठायचं. तुमच्या बाबतीत फुकेटनंतर बंदर म्हणजे थेट सिंगापूरच. चौघांची विमानाची तिकिटं, वर एक-दोन रात्री हॉटेल, आणि सामान सगळं जहाजात. (सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना, तेही बघून घ्या. जहाजानं बाहेर पडून परत आत यायचं आहे तुम्हाला.)

लोक विचारतात, पाच मिनिटं थांबलं तर काय जातं? बंदराचा पायलट, म्हणजे जहाज बंदरातनं बाहेर काढून देणारा माणूस, ठरलेल्या वेळेला येऊन उभा असतो, धक्क्याचं भाडं तासावर, आणि वाटेत वेळ भरून काढायला वेग वाढवला की तेल पितं ते जहाज. गँगवेवर उभं राहून मी धावत येणारी माणसं बघितलीत. एकदा एक जोडपं हातात खरेदीच्या पिशव्या घेऊन धक्क्याच्या टोकापर्यंत आलं होतं, मधे पाण्याची फट उरली होती फक्त वीस-पंचवीस फुटांची. वरनं सगळे प्रवासी टाळ्या वाजवत होते. माणसं वाईट असतात असं नाही, पण वाजवतात.

आता तुमच्या दोन बंदरांचं.

पेनांगला तुमचे दीर बरोबर आहेत. जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं, ते जॉर्ज टाऊन गावातच आहे. गेटच्या बाहेर पडलात की समोर घड्याळाचा मनोरा, त्याच्यापुढं कॉर्नवॉलिसचा किल्ला, आणि तसंच चालत गेलं की लिटल इंडिया. तिथं मरिअम्मन देवीचं 1833 सालचं देऊळ आहे. आजूबाजूला तमिळ लोकांची हॉटेलं, केळीच्या पानावर भात-सांबार मिळतं, म्हणजे तुमच्या शाकाहाराचा प्रश्न मिटला. हा सगळा जुना भाग 2008 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. त्या भागात 'कॅट' नावाची फुकट बस फिरते, गुडघ्याला बरी. पेनांग हिलला वर जायला उतारावरची रेल्वे आहे, डोंगर 833 मीटर. हौस असली तर ग्रॅबची (तिकडची ओला-उबरच) गाडी करून उतरल्या उतरल्या आधी तिकडं जा, गावात मागनं फिरा. संध्याकाळी तिकडचा रस्ता तुंबतो. एवढ्यासाठी जहाजाला डॉलर देऊ नका.

फुकेटचं सगळं उलटं आहे, आणि इथं तुमच्या मिस्टरांचं ऐका.

एक म्हणजे, फुकेटला बरीच जहाजं पातोंगच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकतात आणि 'टेंडर' बोटीनं किनाऱ्यावर नेतात. काही जहाजं माखामच्या खोल बंदरात धक्क्याला लागतात. तुमच्या कार्यक्रमात फुकेटपुढं काय लिहिलंय ते बघा. टेंडर असलं तर जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात. बाकीच्यांनी नंबराचं तिकीट घेऊन हॉलमध्ये बसायचं. सकाळी 9 ला पोचलात तरी किनाऱ्याला पाय लागेपर्यंत साडेदहा होऊ शकतात. परतताना शेवटच्या टेंडरची वेळ आणखी अलीकडं, आणि तिथं उन्हात रांग. कागदावर नऊ तास दिसतात, हातात पाच-सहा राहतात. फेब्रुवारीत तिकडचा समुद्र शांत असतो ही एक जमेची बाजू. पावसाळ्यात पश्चिमेकडनं लाटा येतात तेव्हा गुडघेवाल्यांना आम्ही उतरूच नका म्हणायचो. बोट वरखाली होते आणि नेमका पाय टाकायच्या क्षणाला खाली जाते. दोन्ही बाजूंनी दंड धरायला माणसं असतात, त्यांना धरू द्या. मिस्टरांना सांगा, 'मला जमतंय' म्हणून हात झटकायचा नाही.

दुसरं म्हणजे घड्याळ. हे नीट वाचा. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एक, थायलंडची एक तास मागं. जहाजानं आपली वेळ बदलली नाही आणि तुमच्या मोबाईलनं किनाऱ्यावर उतरल्यावर आपोआप बदलली, की मोबाईलमध्ये साडेचार वाजलेले असतात तेव्हा जहाजात साडेपाच. मागं राहिलेल्यांपैकी मला आठवतात ते तिघं ह्याच घोळातले, आणि तिघांच्याही हातात महागडे फोन. रात्री केबिनमध्ये उद्याचा कागद येतो, त्यावर जहाजाची वेळ काय राहणार ते लिहिलेलं असतं. ती हातातल्या साध्या घड्याळात लावा आणि तो दिवसभर मोबाईलमध्ये वेळ बघूच नका.

तिसरं म्हणजे फी फी. जाऊबाईंची माफी मागून सांगतो, स्पीडबोटनं एका बाजूला तासभर. लाटेवर बोट आपटते तेव्हा कणा हलतो. चढायला-उतरायला शिडी, कधी गुडघाभर पाण्यातनं. पाठीचा त्रास असलेल्यांना आणि गरोदर बायकांना बोटवाले घेतच नाहीत. जाऊबाई आणि दीर ठणठणीत असले तर त्यांनी दोघांनी जावं, पण ते मात्र जहाजाच्या सहलीतनंच. मधे समुद्र आहे, तिथनं रिक्षा करून परत येता येत नाही.

राहिला एजंट. त्याची बस ही जहाजाची बस नव्हे. तो फुकेटमधल्या कुणाला तरी काम देणार, आणि त्या 'कुणाला तरी'चं नाव जहाजाच्या यादीत नसतं. उशीर झाला की तुम्ही आमच्या हिशेबात 'आपापले गेलेले'. सगळे एजंट वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पण साडेतेरा हजार देऊनही जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही, हे तो कन्नडातही सांगणार नाही आणि मराठीतही.

मी तुमच्या जागी असतो तर फुकेटची जहाजाची सहल आत्ताच बुक केली असती. चढण्याआधी ऑनलाइन दर बरेचदा कमी असतो, आणि चांगल्या सहली आधी भरतात. बहुतेक कंपन्या बंदराच्या एक-दोन दिवस आधीपर्यंत रद्द करू देतात. तुमच्या कंपनीची मुदत किती ते अटींमध्ये बघा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. कार्डावर डॉलरमध्ये पैसे कापले की बँक वर तीन-साडेतीन टक्के लावते, तेवढं धरून चला.

एक इशारा. जहाजाच्या सहलीतही दुकानं असतात. चाळीस माणसांची बस, त्यात दोघं कायम स्वच्छतागृहात. फुकेटमध्ये हिऱ्या-माणकांच्या दुकानात थांबवतात, आणि काजूच्या कारखान्यात. खानापूर-चंदगडच्या माणसाला काजू दाखवायला नेतात!

अनगोळ_नाका

खानापूरवाले, तो काजूचा भाव काय होता तिकडं?

खानापूरचा_जुना_क्रू

विचारू नका. मी दुकानात शिरलोच नाही, बसमध्ये झोपलो.

निपाणीची_लेक

शाकाहाराबद्दल एक राहिलं. थायलंडमध्ये नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही, भाजीत माशाचा सॉस घालतात आणि त्यांना ते व्हेजच वाटतं. 'जे' म्हणा, म्हणजे मांस-मासळी, अंडं काहीच नाही. त्यात कांदा-लसूणही नसतो, तुमच्या ह्यांना चालेल की. जहाजाच्या सहलीत जेवण असलं तर बुक करतानाच लिहा. बसमध्ये बसल्यावर सांगून उपयोग नाही, तोवर डबे भरलेले असतात.

शहापूरच्या बाई

तुम्हा सगळ्यांचे आभार. खानापूरवाले, तुमचं उत्तर काल रात्री जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. तिजोरीतल्या मंगळसूत्राशी आल्यावर जाऊबाई गप्प झाल्या. दीर म्हणाले, वीस फुटांची फट असली तर मी उडी मारली असती. वय अडुसष्ट!

कार्यक्रमात बघितलं, फुकेटपुढं 'टेंडर' असंच लिहिलंय. पहिल्या दिवशी मी तो शब्द बघितला होता, मला वाटलं कसलं तरी कंत्राट असेल.

तर असं ठरलं. पेनांग आपलं आपण. दीर पुढारी, त्यांना हवं तिकडं नेऊ देत. पेनांग हिलचं मात्र मी आधीच बजावलंय, गेलो तर उतरल्या उतरल्या, नाहीतर नाही. फुकेटला आम्ही दोघांनी जहाजाची साधी बसची सहल घेतली, जुनं फुकेट गाव आणि वाट चालोंग देऊळ, जेवणासकट, आणि जेवणाच्या रकान्यात 'जे' लिहिलं. दीर-जाऊ फी फीला, तेही जहाजाकडूनच. त्यांचं पेनांगात मत बदललं तर रद्द करता येतंय का बघितलं, 48 तासांची मुदत आहे. म्हणजे जहाजात चढायच्या आधीच काय ते ठरवायला पाहिजे. कॅलेंडरवर लाल पेननं लिहिलंय. एजंटाला फोन केला, तर म्हणाला मॅडम बारा हजारात करतो. दोन दिवसांत दीड हजार कसे उतरले ते विचारलं, तर लाइन कट झाली.

ह्यांनी कपाटातनं लग्नातलं एचएमटी काढलं. किल्लीचं. दहा-बारा वर्षं बंद पडून होतं. खडेबाजारातल्या घड्याळजीकडं नेलं, त्यानं झाकण उघडून फुंकर मारली, थेंबभर तेल घातलं, दोनशे रुपये घेतले. आता रोज सकाळी चहाच्या आधी किल्ली देतात आणि आजच सिंगापूरची वेळ लावून बसलेत. काल दुपारी बाराला मला म्हणतात, अडीच वाजले, अजून जेवायला नाही?

एक शेवटचं विचारते, हसू नका. कुंदा न्यायचाय. आणि घरचे मेथीचे लाडू, ह्यांच्या गुडघ्याला. जहाजावर चालतात का?

खानापूरचा_जुना_क्रू

बाई, कुंदा दुकानातला, सीलबंद डब्यातला आणा, लेबल फाडू नका. घरी केलेलं खाणं बहुतेक जहाजांवर चढताना काढून घेतात. मी स्वतः गँगवेवर किती डबे बाजूला ठेवलेत, त्यात एकदा पुरणपोळ्या होत्या, कोल्हापूरच्या माणसाच्या. तो माझ्याकडं असा बघत होता की बस. लाडू सिंगापूरला हॉटेलवरच संपवा, जहाजात चढायच्या आधी.

आणि कुंदा दोन डबे आणा. केबिन साफ करायला येतो तो पोरगा कुठला आहे ते विचारा. गोवा, कारवार, खानापूर, कुठलाही निघू शकतो.